प्रोग्रामरचे वाचन आणि ज्ञानाची मालकी

संगणकासाठी आज्ञावली लिहिणारा माणूस, ज्याला आज सर्वत्र प्रोग्रामर म्हटले जाते, तो समाजाला अद्याप नीटसा ओळखीचा झालेला नाही. मध्यमवर्गाच्या दृष्टीने तो भरघोस पगाराचा, परदेशी जाणारा, लग्नाच्या बाजारात भाव असलेला मुलगा आहे. मालकाच्या दृष्टीने तो तासांच्या हिशेबाने ग्राहकाला विकता येणारे मनुष्यबळ आहे. आणि समाजवादी चळवळीच्या दृष्टीने, स्पष्टच बोलायचे तर, तो बहुतेक वेळा कोणीच नाही. गिरणी कामगार, शेतमजूर, बँक कर्मचारी, शिक्षक यांची गणती चळवळीने केली. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या या लाखो श्रमिकांची गणती करायची की नाही, याविषयी तिच्या मनात अजूनही किंतु आहे. या तिन्ही दृष्टींत एक गोष्ट मात्र समान आहे. यंत्र बंद केल्यावर हा माणूस काय वाचतो, कोणती बातमी त्याला अस्वस्थ करते आणि त्याच्या धंद्यातील कामाचा या वाचनाशी व या अस्वस्थतेशी काही संबंध आहे काय, याची चौकशी यांपैकी कोणीही करीत नाही.

ही चौकशी अत्यंत अगत्याची आहे. कारण आज्ञावली, वाचन आणि चालू घडामोडी ही वरवर पाहता तीन वेगळी खाती वाटली, तरी त्यांच्यात आतून एक दुवा आहे, आणि तो दुवा ज्ञानाच्या मालकीच्या प्रश्नाशी जाऊन भिडतो. अमेरिकेतील ॲरन स्वार्ट्झ या तरुणाचे अवघे सव्वीस वर्षांचे आयुष्य हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. त्याच्या मृत्यूला एक तपाहून अधिक काळ लोटला आहे. पण त्याने विचारलेले प्रश्न आज भारतात, महाराष्ट्रात, पूर्वीपेक्षा अधिक तीव्रतेने उभे आहेत.

कोडपासून पुस्तकापर्यंत

स्वार्ट्झचा जन्म १९८६ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. वडिलांचा व्यवसाय सॉफ्टवेअरचाच असल्यामुळे घरात संगणक होता. शाळकरी वयातच त्याने वाचकांनीच मजकूर भरावा अशा स्वरूपाचा एक ज्ञानकोश तयार केला. संकेतस्थळावर नवा मजकूर आला की तो वाचकाकडे आपोआप पोहोचविणाऱ्या एका प्रमाण पद्धतीच्या मसुद्यावर त्याचे नाव आले, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. लेखकाने आपले लेखन सर्वांना वापरण्यास खुले करावे यासाठी जे क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने २००२ मध्ये निघाले, त्यांच्या तांत्रिक बाजूचे काम त्याने केले. पुढे रेडिट या कंपनीत तो भागीदार झाला. २००६ मध्ये ती कंपनी एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतली तेव्हा त्याच्या हाती पैसाही आला. परंतु कार्यालयातील नोकरी त्याला मानवली नाही आणि काही महिन्यांतच तो तेथून बाहेर पडला.

येथपर्यंतची कथा एखाद्या यशस्वी संगणकतज्ज्ञाची म्हणून कोणत्याही व्यापारी मासिकाने छापली असती. तिला वेगळे वळण मिळाले ते वाचनामुळे. हा तरुण अफाट वाचीत असे. वर्ष संपले की त्या वर्षी वाचलेल्या पुस्तकांची यादी तो आपल्या अभिप्रायांसह जाहीर करी. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षण, कादंबरी असे कोणतेच क्षेत्र त्याला वर्ज्य नव्हते. नोम चॉम्स्की यांच्या व्याख्यान-संवादांच्या ‘अंडरस्टँडिंग पॉवर’ या पुस्तकाने आपली जगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलून टाकली, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे.

प्रोग्रामर आणि वाचन यांचा संबंध हा काही अपघात नव्हे. आज्ञावली लिहिण्याचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात वाचण्याचे काम आहे. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचायची, तिच्यातील दोष कोठे आहे हे ओळीओळीने शोधायचे, ती दुरुस्त करून पुढच्याच्या हवाली करायची, असा हा धंदा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांनी कोणतेही परके तत्त्वज्ञान आणले नाही. आज्ञावली सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता आली पाहिजे हा धंद्यातील जुना रिवाजच त्यांनी हक्काच्या भाषेत मांडला. आज इंटरनेटचा फार मोठा भाग अशा सामाईक मालकीच्या आज्ञावल्यांवर चालतो. ज्याची रोजची भाकरी सामाईक लेखनावर अवलंबून आहे, अशा माणसाला पुस्तकाभोवती आणि संशोधनाभोवती घातलेली कुंपणे इतरांहून लवकर बोचू लागली, तर त्यात नवल काय?

स्वार्ट्झच्या बाबतीत नेमके हेच झाले. जगातील प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेले एक खुले ग्रंथालय उभारण्याचा प्रकल्प त्याने हाती घेतला, आणि त्या कामात भारतातील एक प्रोग्रामरही त्याचा सहकारी होता. त्यानंतर त्याचे लक्ष न्यायालयांकडे वळले. अमेरिकेतील संघराज्य न्यायालयांची कागदपत्रे ही जनतेची मालमत्ता. परंतु ती संगणकावर वाचण्यासाठी त्या काळी पानामागे आठ सेंट आकारले जात. काही मोजक्या ग्रंथालयांतून ती फुकट पाहण्याची सोय प्रयोगादाखल झाली, तेव्हा २००८ मध्ये त्याने आज्ञावली लिहून सुमारे दोन कोटी पाने उतरवून घेतली आणि सार्वजनिक संग्रहाला दिली. केंद्रीय तपास यंत्रणेने त्याची चौकशी केली. पण कायद्याचा भंग आढळला नाही आणि प्रकरण मिटले. जनतेच्या न्यायालयाचे कागद जनतेला वाचावयास दिले, एवढाच त्याचा अपराध होता!

या कामात त्याच्याबरोबर असलेले कार्ल मलामूद पुढे भारतात आले. सार्वजनिक सुरक्षेशी निगडित अशी भारतीय मानके नागरिकांना विनामूल्य वाचता यावीत म्हणून त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २०१८ मध्ये सॅम पित्रोदा यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकाला ‘कोड स्वराज’ असे नाव दिले. अमेरिकेतील ज्ञानमुक्तीच्या कार्यकर्त्याला आपल्या लढ्यासाठी शब्द शोधताना तो भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात सापडावा, याची नोंद येथील चळवळीने घेतली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

तळघरातील कपाट आणि तेरा आरोप

सप्टेंबर २०१० ते जानेवारी २०११ या काळात स्वार्ट्झने मॅसॅच्युसेट्समधील एका सुप्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेच्या जाळ्यातून जेस्टोर या संशोधन-संग्रहातील सुमारे ४८ लाख लेख उतरवून घेतले. त्यासाठी त्याने संस्थेच्या एका इमारतीतील तारांच्या कपाटात आपला संगणक जोडून ठेवला होता. ६ जानेवारी २०११ रोजी त्याला अटक झाली. लेखांच्या प्रती त्याने परत केल्या. जेस्टोर ही संस्था नफा न कमावणारी. तिने आपल्यापुरते प्रकरण मिटवले आणि खटला चालविण्यात आपल्याला रस नसल्याचे कळविले. तंत्रज्ञान संस्थेने मात्र तटस्थतेचा पवित्रा घेतला. सरकारी वकिलांनी आरोपांची संख्या चारावरून तेरावर नेली. त्या सर्वांची कमाल शिक्षा एकत्र धरली तर ती पन्नास वर्षांच्या घरात जात होती. काही महिन्यांच्या तुरुंगवासावर तडजोड करण्याची तयारी सरकार पक्षाने दाखविली. परंतु त्यासाठी गुन्हा कबूल करून आयुष्यभर गुन्हेगाराचा शिक्का वागवावा लागला असता. त्याने ते नाकारले. ११ जानेवारी २०१३ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, न्यूयॉर्कमधील राहत्या घरी त्याने आत्महत्या केली. त्यानंतर आरोप मागे घेण्यात आले.

माणूस आत्महत्या का करतो याचे एकच एक उत्तर देणे उथळपणाचे ठरेल, आणि मृत्यूचे राजकीय भांडवल करणे त्याहूनही वाईट. पण उतरवलेल्या लेखांतून एका डॉलरचाही नफा न कमावलेल्या तरुणावर राज्यसत्तेने एवढी ताकद का लावली, हा प्रश्न टाळता येत नाही.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी संशोधनाच्या बाजारपेठेकडे पाहावे लागते. संशोधन होते बहुतांशी सार्वजनिक पैशातून. लेख लिहिणारा प्राध्यापक नियतकालिकाकडून मानधन घेत नाही, तो तपासणारा तज्ज्ञही सामान्यतः फुकटच तपासतो. एवढे झाल्यावर त्या लेखाची मालकी मात्र खासगी प्रकाशनसंस्थेकडे जाते, आणि ज्यांच्या पैशातून संशोधन झाले त्याच विद्यापीठांना तो वर्गणी भरून परत विकत घ्यावा लागतो. या धंद्यातील अग्रगण्य कंपनीच्या संशोधन विभागाचे नफ्याचे प्रमाण तीस टक्क्यांहून अधिक राहत आले आहे. कच्चा माल फुकट, मजुरी फुकट आणि गिऱ्हाईक बांधलेले, असा किफायतशीर उद्योग इतरत्र क्वचितच आढळेल.

महाराष्ट्राला हा युक्तिवाद अपरिचित नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारच्या तिजोरीचे मूळ कोठे आहे हे दाखवून दिले होते. रयतेच्या घामातून महसूल गोळा होतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. विद्येचा खर्च जो सोसतो त्याला विद्या मिळालीच पाहिजे, या साध्या न्यायावर ते उभे होते. संशोधनाच्या कुंपणाविरुद्धचा आजचा लढा हा त्याच न्यायाचा पुढचा पाठ आहे. फरक एवढाच, की तेव्हा विद्येच्या दारावर जातीचा पहारा होता. आज त्या पहाऱ्याबरोबर वर्गणीचाही पहारा बसला आहे.

एकट्याचे साहस आणि संघटितांचा विजय

स्वार्ट्झच्या आयुष्यातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत, कारण कार्यकर्त्यांना त्यातूनच खरा बोध घेता येईल.

पहिला प्रसंग तारांच्या कपाटाचा. तेथे तो एकटा होता. त्याने काय योजिले आहे हे कोणत्या विद्यार्थी संघटनेला माहीत नव्हते, कोणत्या ग्रंथपालांच्या मंडळाने त्यावर चर्चा केली नव्हती, प्राध्यापकांचा कोणताही गट त्याच्या पाठीशी उभा राहण्यास आधीपासून तयार नव्हता. राज्यसत्ता चालून आली तेव्हा तिला एकटा माणूस सापडला.

दुसरा प्रसंग त्याच खटल्याच्या काळातला. अमेरिकी संसदेत इंटरनेटवरील चाचेगिरी रोखण्याच्या नावाखाली दोन विधेयके आली होती. त्यांमुळे कोणतेही संकेतस्थळ बंद पाडण्याचे जबर हत्यार मालकांच्या हाती जाणार होते. विधेयकांना दोन्ही प्रमुख पक्षांतील सभासदांचा पाठिंबा होता आणि त्यांची मंजुरी जवळजवळ गृहीत धरली गेली होती. स्वार्ट्झने सहकाऱ्यांसह डिमांड प्रोग्रेस ही संघटना उभारली, सह्यांची मोहीम सुरू केली, प्रतिनिधींच्या कार्यालयांकडे दूरध्वनींची रीघ लावली. इतर अनेक संघटना आणि, हेही लपवू नये, स्वतःचे हितसंबंध असलेल्या काही बड्या कंपन्याही त्यात उतरल्या. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियासह हजारो संकेतस्थळांनी निषेधाचा बंद पाळला, आणि दोनच दिवसांत दोन्ही विधेयके बाजूला ठेवण्यात आली. माणूस तोच होता, बुद्धीही तीच. एके ठिकाणी तो चिरडला गेला, दुसरीकडे त्याने कायदेमंडळाला माघार घ्यायला लावली. फरक संघटनेचा होता.

भारतातही याचे उदाहरण आहे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका छायाप्रतीच्या दुकानावर दावा लावला. अभ्यासक्रमातील पुस्तकांचे उतारे एकत्र करून विद्यार्थ्यांना स्वस्तात देणे हा त्या दुकानाचा अपराध. दुकानदार एकटा असता तर पहिल्या नोटिशीलाच त्याने शटर ओढले असते. परंतु विद्यार्थ्यांनी संघटना करून दाव्यात भाग घेतला, प्राध्यापक पुढे आले, ज्यांची पुस्तके होती त्यांच्यातील अनेक लेखकांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्यातील शिक्षणविषयक सवलतीचा आधार घेऊन दावा फेटाळला. अपिलात खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासणीसाठी पाठविले, परंतु २०१७ मध्ये प्रकाशनसंस्थांनी दावाच मागे घेतला. ज्ञानाच्या प्रश्नावर संघटित लढा जिंकता येतो, हे या निकालाने सिद्ध केले आहे.

या चित्राला अलीकडे एक नवी जोड मिळाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना आपली यंत्रे शिकविण्यासाठी पुस्तकांचे डोंगर लागतात. अँथ्रॉपिक या अमेरिकी कंपनीने चाच्यांच्या संग्रहांतून लक्षावधी पुस्तके उतरवून घेतल्याचे न्यायालयात उघड झाले. यंत्राला शिकविण्यासाठी पुस्तके वापरणे न्याय्य, मात्र असा चोरटा संग्रह बाळगणे न्याय्य नव्हे, असा निर्णय न्यायाधीशांनी जून २०२५ मध्ये दिला, आणि कंपनीने लेखक-प्रकाशकांना दीडशे कोटी डॉलर देऊन तडजोड केली. हे प्रकरण दिवाणी होते आणि स्वार्ट्झचे फौजदारी, हा भेद वकील सांगतील. पण सामान्य माणसाला दिसते ते असे : जगाला वाचता यावे म्हणून लेख उतरवणाऱ्या व्यक्तीपुढे तुरुंग उभा राहतो, व्यापारासाठी ग्रंथालयेच्या ग्रंथालये उतरवणाऱ्या भांडवलापुढे फार तर एक बिल येते, आणि ते चुकते करण्याची त्याची ऐपत असते.

वाचायला वेळ कोणाला?

येथे कोणी म्हणेल, की अमेरिकेतील एका हुशार, खात्यावर पैसा असलेल्या तरुणाची ही कथा. पुण्यातील प्रोग्रामरचा तिच्याशी काय संबंध? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. स्वार्ट्झकडे बुद्धीखेरीज आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे स्वतःच्या मालकीचा वेळ. कंपनी विकल्यामुळे तो त्याला मिळाला. हिंजवडीच्या प्रोग्रामरला तो मिळत नाही, कारण तो त्याच्याकडून रोज विकत घेतला जातो, आणि ठरल्यापेक्षा अधिक घेतला जातो.

सकाळी वाकडच्या चौकातील वाहनांच्या रांगेत एक तास, दिवसभर यंत्रापुढे, संध्याकाळी अमेरिकेतील ग्राहक जागा झाला की पुन्हा बैठका, आणि रात्री परतीच्या रांगेत आणखी एक तास. अशा दिवसाच्या अखेरीस पुस्तक उघडणारा तरुण आणि घरकामाची दुसरी पाळी उरकून वर्तमानपत्र हाती घेणारी तरुणी, यांच्या चिकाटीला दादच दिली पाहिजे. या दिवसातही आणखी तास शोधण्याचा उद्योग सुरू आहे. २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असा उपदेश केला. २०२५ च्या आरंभी लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे नव्वद तासांचे भाषण गाजले. रविवारीही कर्मचाऱ्यांना कामाला लावता येत नाही, याची त्यांना खंत होती! २०२४ मध्ये कर्नाटकात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील दिवस चौदा तासांपर्यंत ताणण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा तेथील कर्मचारी संघटना रस्त्यावर उतरली. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतील नऊवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा प्रतिकाराचा तेवढा मोठा आवाज माहिती तंत्रज्ञानाच्या वसाहतींतून उठला नाही.

रविवारची खंत करणाऱ्यांना मुंबईचा इतिहास ठाऊक नसावा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित करून ज्या मागण्या लावून धरल्या, त्यांत आठवड्याच्या सुट्टीची मागणी अग्रभागी होती. १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. तो रविवार कोणा मालकाने कनवाळूपणाने दिलेला नाही. त्या रविवारावर पुढे व्यायामशाळा उभ्या राहिल्या, रात्रशाळांचे विद्यार्थी अभ्यासाला बसले, वाचनालये भरली, सभा झाल्या. कामगाराचा मोकळा वेळ हा लोकशाहीचा कच्चा माल असतो. तो हिरावला की वाचन जाते, वाचन गेले की बातमीमागचे कारण कळेनासे होते, आणि मग उरतो तो केवळ आज्ञा पाळणारा तज्ज्ञ. मालकवर्गाला तोच हवा असतो.

तज्ज्ञाने आपल्या खोलीबाहेर डोकावू नये, हा विचार महाराष्ट्राने पूर्वी नाकारलेला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे पेशाने गणितज्ञ. पुण्याहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेल्वेने ये-जा करीत त्यांनी नोकरी केली. प्राचीन नाण्यांच्या वजनांना त्यांनी संख्याशास्त्र लावले, संस्कृत सुभाषितांच्या संहिता संपादित केल्या, भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला १९५६ च्या आपल्या ग्रंथाने नवी दिशा दिली आणि जागतिक शांतता चळवळीत आपला आवाज मिसळला. गणित, वाचन आणि चालू घडामोडी ही त्यांच्या लेखी वेगळी खाती नव्हती. प्रत्येक प्रोग्रामर कोसंबी होणार नाही, तसा प्रत्येक जण स्वार्ट्झही होणार नाही. व्हावे अशी अपेक्षाही नाही. परंतु ज्या जिज्ञासेतून ही माणसे घडली, ती जिज्ञासा हजारो साध्या तरुण-तरुणींत रोज जागी असते आणि रोज दमून झोपी जाते.

चळवळीचे कर्तव्य

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये देऊन तीस प्रकाशनसंस्थांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांना वाचावयास खुली करण्याची ही योजना आहे. तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला जे कधी दिसले नसते ते यामुळे दिसेल, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. तथापि योजनेने कुंपण पाडलेले नाही, फक्त काही जणांसाठी फाटकाचे भाडे सरकारी तिजोरीतून भरले आहे. आणि फाटकाबाहेर कोण राहिले? नोकरी करता करता वाचणारा प्रोग्रामर, गावातील डॉक्टर, शाळेतील शिक्षक, पत्रकार, कामगार संघटनेचा कार्यकर्ता. म्हणजे वाचून समाजात काही करू पाहणारे बहुतेक सारे. दुसरीकडे, विदेशी प्रकाशकांच्या दाव्यावरून ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सायहब हे संशोधन-लेख फुकट देणारे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. त्या संकेतस्थळाची कायदेशीर बाजू दुबळी असेल. पण ज्यांना अधिकृत दार नाही त्यांच्यासाठी तीच एक खिडकी होती, आणि दार न उघडता ती बंद झाली.

म्हणून चळवळीने काही नेमक्या मागण्या हाती घेतल्या पाहिजेत. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे जाळे गावोगावी पसरलेले आहे. वर्गणीच्या योजनेचा लाभ या प्रत्येक ग्रंथालयाच्या टेबलावर, तेथे येऊन बसणाऱ्या कोणत्याही नागरिकाला मिळावा, ही पहिली मागणी. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन प्रसिद्ध होताक्षणी सर्वांना विनामूल्य वाचता यावे, ही दुसरी. हे स्वप्नरंजन नव्हे. खुद्द अमेरिकी सरकारने २०२२ मध्ये आपल्या खात्यांना नेमका असाच आदेश दिला. तिसरी मागणी कामाच्या तासांची, आणि ती गिरणी-कारखान्याइतकीच माहिती तंत्रज्ञानाच्या वसाहतींनाही लागू झाली पाहिजे.

परंतु मागण्यांचा ठराव करून काम संपत नाही. चळवळीला स्वतःची एक जुनी चूकही दुरुस्त करावी लागेल. संगणक आला तेव्हा नोकऱ्यांच्या काळजीपोटी कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. ती काळजी खोटी नव्हती, आणि १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांनी संगणकीकरणावर करार घडवून आणून शहाणपणही दाखविले. मात्र त्या काळापासून यंत्राविषयीचा संशय यंत्र चालविणाऱ्या माणसावर जो चिकटला, तो पुरता गेलाच नाही. केरळात शाळांमधून मुक्त सॉफ्टवेअर रुजविताना शिक्षक, प्रोग्रामर आणि कार्यकर्ते एका टेबलाभोवती बसले. महाराष्ट्रात असे टेबल मांडायला कोणी अडविले आहे? पक्षाच्या आणि संघटनांच्या अभ्यासवर्गांत या तरुणांना संगणक दुरुस्त करून घेण्यापुरते नव्हे, तर वाचक व चर्चक म्हणून बोलवावे. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या वसाहतीजवळ वाचनवर्ग भरवावेत. अर्थसंकल्पाचे आकडे, जमिनीच्या नोंदी, रोजगार हमीच्या याद्या हे सारे आता संगणकावर आहे. ते उलगडून कार्यकर्त्यांच्या हाती देणारी माणसे हीच आहेत. आणि त्यांना कामावरून अचानक काढले जाते तेव्हा कामगार आयुक्तांच्या दाराशी त्यांच्याबरोबर उभे राहायला जुन्या संघटनांचे अनुभवी लोक हवेत. ही देवाणघेवाण बरोबरीची असली पाहिजे.

स्वार्ट्झच्या मृत्यूनंतर जगभर पुष्कळ अश्रू ढाळले गेले, लेख लिहिले गेले. त्याला अटक झाली त्या दिवशी त्याच्या मागे उभी राहणारी एखादी बळकट संघटना मात्र नव्हती. पुण्यात, ठाण्यात, नागपुरात आज रात्री काम संपवून एखादा मुलगा किंवा मुलगी पुस्तक उघडून बसली असेल, बातमी वाचून अस्वस्थ झाली असेल, आपण एकट्याने काय करावे याचा विचार करीत असेल. तिला एकटीला काही करावे लागू नये, एवढी व्यवस्था जी चळवळ करू शकत नाही, तिने नव्या पिढीला दोष देण्याचा अधिकार गमावलेला असतो.